बावन्न तक्रारींची वस्ती

रावसाहेबांनी छत्री मिटली आणि तिचं टोक माझ्या आईच्या मडक्यात घातलं.

मडक्यात दोन शेर तांदूळ भिजत होते. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते, घावन्यांसाठी आईनं ते सकाळीच भिजत घातले होते. छत्रीच्या टोकाला रस्त्यावरची माती होती. रावसाहेबांनी ते तळापर्यंत खुपसलं, दोनदा ढवळलं, वर काढलं आणि नाकाशी नेऊन हुंगलं.

"यात काय आंबवलंय?"

"तांदूल हायत, साहेब. घावन्यांचे," आई म्हणाली.

दारूबंदीचा काळ होता. रावसाहेब म्हणजे निवृत्त मामलेदार, नगरपालिकेच्या वस्ती-पाहणी समितीचे प्रमुख. शहरातल्या कुठल्या आळ्या सुरक्षित आणि कुठल्या बिघडत चालल्या, हे ही समिती ठरवणार होती. मी त्यांच्यामागून वही घेऊन चालत होतो. नगरपालिकेचा कारकून म्हणून.

"लिहा," रावसाहेब म्हणाले. "घर क्रमांक सतरा. काही आढळलं नाही."

मी लिहिलं.

"पुढं लिहा, सध्या."

मी वर पाहिलं.

"सध्या. काही आढळलं नाही, सध्या. ऐकू येतं ना?"

मी 'सध्या' लिहिलं. माझ्याच घराच्या क्रमांकापुढं, माझ्याच अक्षरात.

रावसाहेबांना ते घर माझं आहे हे ठाऊक नसेल. पण त्यांच्या शेजारी समितीतलेच नाना वकील उभे होते. नानांना ठाऊक होतं. त्यांनी त्याच घरात बसून आईच्या हातची घावनं खाल्ली होती. ते समुद्राकडं बघत राहिले. समुद्रात त्या वेळी बघण्यासारखं काहीही नव्हतं. ओहोटी होती.

समिती पुढच्या घराकडं वळली. आईनं मडकं उचललं, घरामागं नेलं आणि उपडं केलं. कोंबड्या धावल्या. मी वही धरून उभाच होतो. ती परत आली, पदराला हात पुसले.

"जा. लिवत ऱ्हा. तुजं काम हाय ते."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. तिला खरंच वाटत होतं की ते माझं काम आहे. मी गेलो आणि उरलेली चोवीस घरं लिहून काढली.

आमची वस्ती एक्केचाळीस घरांची. बंदर आणि बाजार यांच्या मधल्या उंचवट्यावर. नगरपालिकेच्या कागदांवर तिचं नाव आमच्या जातीचं. आम्ही धम्म घेतला, नाव बदलून द्या म्हणून अर्ज केला, कागदावरचं नाव तेच राहिलं. आमच्या पणजोबांना ती जागा मिळाली कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. खडक फार, वारा फार, विहिरीचं पाणी मचूळ. पावसाळ्यात छपरं उडायची. पुढं मुंबईची पैसेवाली माणसं हवापालटासाठी आमच्या शहरात येऊ लागली. त्यांना उंच जागा हवी होती, समुद्र दिसायला हवा होता, वारा तर हवाच होता. जागा चांगली ठरू लागली तसे आम्ही वाईट ठरू लागलो. हे दोन्ही एकाच वर्षात सुरू झालं, पण मला त्या वेळी ते एकमेकांना जोडता आलं नाही. मी आकडे मांडणारा माणूस. दोन आकडे शेजारी असूनही मी त्यांची बेरीज केली नाही.

कारण मधे नाना वकील होते.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये नाना आमच्या वस्तीत आले. आमच्या चटईवर मांडी घालून बसले. आईकडं पाणी मागितलं आणि तांब्या तोंडाला लावून प्यायले. त्यांच्या वरच्या आळीत त्यावरून महिनाभर गजहब झाला म्हणतात. आमच्या वस्तीत वर्षभर दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, मराठी सातवी फायनल पास, बंदरावर गोणी मोजत होतो. नानांनी माझं अक्षर पाहिलं, शब्द टाकला आणि मला नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदणीवर घेतलं. त्या कचेरीत खुर्चीवर बसलेला आमच्या वस्तीतला मी पहिला माणूस. पहिले दोन महिने खुर्चीला मी आणि शिपाई यांच्याखेरीज कुणी शिवलं नाही. नाना मात्र येता-जाता तिच्या पाठीवर हात ठेवत. मुद्दाम. सगळ्यांना दिसेल असा.

त्या हाताचं मोल मी फार मोठं धरलं होतं.

नानांनीच मला सांगितलं, "तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लिहून द्या. तारीख घाला, नाव घाला, सही घ्या. दहा कागद झाले की सरकारला उत्तर द्यावंच लागतं."

मला हे पटलं. माझ्या स्वभावाचंच होतं. आमच्या वस्तीला त्रास थोडा नव्हता. नगरपालिकेचा रॉकेलचा दिवा एकच, तोही वस्तीच्या वळणाबाहेर. अंधार पडला की बाजारातले दारुडे आमच्याकडं येऊन पडायचे, कारण त्यांच्या आळीत पडले तर ओळख निघाली असती. आमच्या मुली पाण्याला जायच्या त्या वाटेवर वरच्या आळीची पोरं सायकली आडव्या घालून उभी राहायची. कधी कोंबडी, कधी परात चोरीला जायची.

मी घरोघर गेलो. लिहा म्हणालो. आधी कुणी तयार होईना. वस्तीतले सखामामा नगरपालिकेचे दिवेवाले. रोज दुपारी अंगणात बसून राखेनं दिव्यांच्या काचा घासायचे. मी कागद घेऊन निघालो की हाक मारायचे.

"काय रं साहेब, आज कुनाची कोंबडी कागदावर घेतो?"

"मामा, आकडा झाल्याशिवाय ऐकत नाहीत."

"आकडा करून करून काय करशील? त्यांना मोजता येतं. बघायचं न्हाय म्हनून बघत न्हाईत."

पण लोकांनी हळूहळू ऐकलं. मी सांगतोय म्हणून ऐकलं. सगळ्यात अवघड गेलं ते लक्ष्मणदादाला. त्याची मुलगी चंद्रा सोळा वर्षांची. तिची घागर त्या पोरांनी पाडली होती आणि पदराला हात घातला होता. अर्ज द्यायला लक्ष्मणदादा तयार होता, नाव द्यायला नाही.

"पोरीचं नाव कशाला, भाऊ? वस्तीतली एक मुलगी असं लिव ना."

"निनावी अर्ज फाडून टाकतात, दादा. नाव पाहिजे."

शेवटी चंद्रानंच कागद ओढला आणि सही केली. चौथी शिकली होती. सही नीट, रेषेवर. मला अभिमान वाटला. तिचा आणि खरं सांगायचं तर माझाही.

तीन वर्षांत बावन्न अर्ज झाले. प्रत्येकाची नक्कल माझ्याकडं होती. एकाचंही उत्तर आलं नाही. मी लोकांना म्हणायचो, साठ होऊ द्या.

पाहणी झाल्यावर दीड महिन्यानं समितीचा अहवाल तयार झाला. त्याची स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडं आलं. कचेरीत सुवाच्य अक्षर माझं होतं. ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याच्याचकडून ते सुवाच्य करून घ्यावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मी सकाळी अकराला बसलो. पहिलं पान शहराच्या वाढीबद्दल. दुसरं आरोग्याबद्दल. तिसऱ्या पानावर तक्ता होता. डावीकडं आळ्यांची नावं, उजवीकडं 'तीन वर्षांतील प्रकार'. वरची आळी, तीन. बाजारपेठ, नऊ. कोळीवाडा, सहा. आमची वस्ती, बावन्न.

तक्ता उतरवला की मी बेरीज तपासतो. सवयच आहे. तपासली. सत्तर. बेरीज बरोबर होती.

खाली लिहिलं होतं की उपरोक्त आकड्यांवरून ही वस्ती शहराच्या शांततेस व नीतिमत्तेस धोकादायक झाली असून दिवसेंदिवस तिचा ऱ्हास होत आहे, सबब ती तेथून उठवून बांधापलीकडील खाजणात वसवावी. आणि पुढं पुराव्यादाखल अर्जांतले उतारे. माझ्या अर्जांतले. दारुडे वस्तीत पडतात हे माझं वाक्य जसंच्या तसं होतं, फक्त 'बाहेरचे' हा शब्द गाळला होता. मग एक ओळ आली. 'वस्तीतील तरुण मुलींवरून वारंवार प्रकार घडतात, उदाहरणार्थ', आणि त्यापुढं चंद्राचं पूर्ण नाव. बापाच्या नावासह.

तिथं मी टाक खाली ठेवला.

मला राग आधी आला नाही. आधी लाज वाटली. बावन्न वेळा मी लोकांच्या दारात जाऊन म्हणालो होतो, सांगा, काय झालं ते नीट सांगा, काही लपवू नका. त्यांनी काही लपवलं नाही. त्यांनी जे विश्वासानं सांगितलं, ते मी शाईनं लिहून समोरच्याच्या हातात दिलं. आमच्याविरुद्धचा पुरावा शत्रूनं गोळा केला नव्हता. मी केला होता. तारीखवार.

संध्याकाळी मी नानांच्या घरी गेलो. ओटीवर झोपाळा, नाना झोपाळ्यावर. मला पाहून सरकून जागा केली.

"ये. वर बस."

चहा आला. घरातल्या सगळ्यांना जो कप तोच मला. नानांच्या घरी वेगळा कप कधी नव्हता. हे मी त्यांच्या बाजूनं लिहितो. फसवायला वेगळा कप लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"नाना, हे अर्ज मी तुमच्या सांगण्यावरून लिहिले."

"उत्तम लिहिलेस. इतकी पद्धतशीर माहिती दुसऱ्या कुठल्याही वस्तीची आमच्याकडं नाही. रावसाहेबसुद्धा म्हणाले."

"आम्ही संरक्षण मागितलं होतं."

"मग तेच देतोय. तुम्ही तिथं राहिला नाहीत की त्रासही राहणार नाही."

"खाजणात भरतीचं पाणी येतं."

"बांध उंच करू."

"कधी?"

"होईल रे. पैशाची तरतूद व्हायला वेळ लागतो." नानांनी झोपाळा थांबवला. "हे बघ, आकडे तुझेच आहेत. मी एकही इकडचा तिकडं केलेला नाही. तू तरी आकड्यांवर रुसू नकोस."

मी एवढंच म्हणालो, "पोरीचं नाव काढा."

"काढतो. शब्द देतो." आणि लगेच, तितक्याच प्रेमानं, "तू एक कर. वस्तीतला सुशिक्षित म्हणून अहवालाखाली तुझी सही असू दे. लोक मग आरडाओरडा करणार नाहीत. खाजणातली पहिली जागा तुझ्या नावे करतो. जरा उंचावरची आहे."

मी विचार करतो म्हणालो. हे मी लपवत नाही. मी तिथल्या तिथं नाही म्हणालो नाही. अकरा वर्षं ज्या माणसाकडं वर बघितलं, त्याला नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. चहा पूर्ण प्यायलो. येतो म्हणालो आणि उठलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"उंचावरची म्हंजे किती उंच?"

मी मोजलं नव्हतं. मी, ज्यानं परातीची चोरीसुद्धा तारखेनिशी लिहिली, तो जागा न मोजता विचार करतो म्हणून आला होता.

पुढची अमावस्या रविवारी होती. आमच्या किनाऱ्याला अमावस्येची भरती दुपारी बाराच्या पुढंमागं पूर्ण भरते. मी सखामामांना बरोबर घेतलं. त्यांनी एक बांबू घेतला, मी त्याला वितीवितीवर खुणा केल्या. बांधावर जाऊन उभे राहिलो. समितीनं खुंट्या ठोकून जागा आखून ठेवल्या होत्या. शेवटच्या खुंट्या दिसतच नव्हत्या. पाण्याखाली गेल्या होत्या. मी पाण्यात उतरलो. मधल्या जागांवर पाणी मांडीपर्यंत. पहिल्या जागेवर, माझ्या उंचावरच्या जागेवर, एक वीत.

"तुजी चूल तरंगंल फकस्त. आमची बुडंल," मामा बांधावरून म्हणाले.

मी वर आलो, पाय पुसले. तक्त्यातला आकडा मला सोडत नव्हता. मी विचारलं, "मामा, वरच्या आळीत तीन वर्षांत तीनच प्रकार झाले?"

मामा हसले. बराच वेळ हसले.

"मी रोज सांजच्याला तितं शिडी लावतो. अकरा दिवे हायत त्या आलीत. शिडीवर चढलं का कुंपनाच्या आतलं सगलं दिसतं. पन आपन वातीकडं बघायचं. तीच नोकरी." मग बोटं मोडत सांगू लागले. "नानांच्या देवघरातली समई गेली दिवालीला. कुनी नेली? त्यांच्याच पुतन्यानं. जुगारात घालवली. रावसाहेबांच्या शेजारी मोलकरनीला मारून हात मोडला, डाक्टरला सांगितलं पडली. त्या सायकलवाल्या पोरांतली दोन त्याच घरातली. अर्ज केला का कुनी?"

"नाही."

"तितं काय झालं का दार लावतात. आपल्यात काय झालं का तू कागद काढतोस."

मी बांधावर तसाच बसून राहिलो. चूक दिसली. साधी चूक, आकडे शिकणाऱ्या पोरानंही करू नये अशी. त्या तक्त्यात गुन्हे नव्हतेच. कोण बोललं आणि कोण गप्प बसलं, एवढंच त्यात होतं. जो ओरडला त्याच्या घराला आग लागली, जो गप्प बसला त्याचं घर शाबूत, असा तो हिशेब. आणि आम्हाला ओरडायला शिकवून त्यांनी आमच्या ओरडण्याची मोजदाद ठेवली.

मग मला माझंच रजिस्टर आठवलं. मृत्यूचं. गेल्या तीन वर्षांत वरच्या आळीतल्या तीन सुना आपापल्या घरच्या विहिरीत गेल्या होत्या. तिन्ही नोंदी माझ्या हातच्या. कारणाच्या रकान्यात तिन्हींपुढं एकच मजकूर, घरच्यांनी सांगितला तसा. पाय घसरून. मी तिन्ही वेळा काही न विचारता लिहिलं होतं. आमच्या वस्तीतली परात मी लिहिली. त्यांच्या सुना मी पुसल्या.

मंगळवारी सर्वसाधारण सभा होती. सभागृहात मागं आमच्या वस्तीची माणसं उभी होती. लक्ष्मणदादा होता. चंद्राचं नाव काढलंय, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. नानांचा शब्द होता तो. मी टेबलाशी, अहवालाची प्रत घेऊन. वाचायचं काम माझं नव्हतं, ते रावसाहेबांनी स्वतःकडं ठेवलं होतं. माझं काम शेवटी उठून सही करायचं. मी अजून नाही कळवलं नव्हतं, नानांनी ते हो धरलं होतं.

रावसाहेब मूळ मसुद्यावरून वाचत होते. माझ्या प्रतीत त्या ओळीवर जागा कोरी होती. त्यांच्या कागदावर नाव होतं. त्यांनी ते वाचलं. बापाच्या नावासह, मोठ्यानं. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.

मी नानांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मी मागं पाहिलं. लक्ष्मणदादा माझ्याकडं बघत होता. रावसाहेबांकडं नाही, नानांकडं नाही. माझ्याकडं.

मी उभा राहिलो.

"सही शेवटी," रावसाहेब म्हणाले. "बसा."

"सही करायला उठलो नाही. तक्ता चुकलाय."

"बेरीज तुम्हीच तपासलीय म्हणे."

"बेरीज बरोबर आहे. रकान्याचं नाव चूक आहे. तिथं तक्रारी असं लिहा. बावन्न तक्रारी. त्यातल्या एकोणीस दिवा नाही म्हणून. नऊ पाणी नाही म्हणून. झाल्या अठ्ठावीस, या नगरपालिकेविरुद्ध आहेत. अकरा बाहेरून येऊन पडणाऱ्या दारुड्यांविरुद्ध. सहा मुलींची वाट अडवणाऱ्यांविरुद्ध, आणि त्यातलं एकही पोर आमच्या वस्तीतलं नाही. कुठल्या घरातली आहेत ते अर्जात लिहिलंय. उरल्या सात. त्या चोऱ्या. पाच कोंबड्या, एक विहिरीचा दोर, एक परात. एवढी आमची वस्ती धोकादायक."

"कारकुनानं मत द्यायचं नसतं."

"मत नाही, साहेब. वजाबाकी आहे."

मागं कुणीतरी खाकरलं. मी टेबलाला धरून उभा होतो. ते मी सांगितलं पाहिजे, नाहीतर हे वाचणाऱ्याला वाटेल की मी शूर होतो.

"वरच्या आळीत तीन प्रकार लिहिलेत. मृत्यूचं रजिस्टर माझ्याकडं आहे. त्या आळीत त्याच तीन वर्षांत तीन सुना विहिरीत गेल्या. त्या धरल्या तर सहा होतील. समितीनं त्यांची पाहणी केली का? कुणाच्या मडक्यात छत्री घातली का?"

एकदम सगळे बोलू लागले. "नावं सांग," कुणीतरी ओरडलं. "हिंमत असेल तर नावं सांग."

नावं मला पाठ होती. तिघींचीही, वयासकट. मी सांगितली नाहीत. मेलेल्या बायकांची नावं चव्हाट्यावर फेकून मला माझी वस्ती वाचवायची नव्हती. एका मुलीचं नाव नुकतंच त्या खोलीत तसं फेकलं गेलं होतं. आकडा पुरे होता. ज्यांना नावं ठाऊक होती त्यांनी माना खाली घातल्या होत्या. त्या माना मी मोजल्या नाहीत. तेवढ्यापुरतं मोजणं सुचलं नाही.

नाना उठले. आवाज तोच, ओटीवरचा.

"तू भावनेच्या भरात बोलतो आहेस. सही कर आणि घरी जा. बाकी मी बघतो."

"तुम्ही बघितलंत, नाना. त्या दिवशी समुद्राकडं बघितलंत, आज चष्म्याकडं. सही नाही करणार."

हे आमचं शेवटचं बोलणं. माझी प्रत मी टेबलावर ठेवली, टाक ठेवला आणि मागं जाऊन आमच्या माणसांत उभा राहिलो. कुणी पाठ थोपटली नाही. लक्ष्मणदादा बाजूला सरकला नाही आणि जवळही आला नाही. बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, "तू म्हनालास लिव. आमी लिवलं." त्यानंतर तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबर होतं.

ठराव मंजूर झाला. मतं मोजली गेली, ती मी सांगत नाही, विरोधात फार नव्हती. आठवड्यात मला निलंबित केलं. कारण, दप्तरातली गोपनीय माहिती सभेत उघड केली. पुढं नोकरीच गेली. आता मी राहतो वस्तीतच, पण खाडीपलीकडं लाँचच्या धक्क्यावर तिकिटं फाडतो. नाना त्याच लाँचनं येतात-जातात. मी तिकीट देतो, ते घेतात.

वस्तीला नोटिसा आल्या. घर सोडा, खाजणात जागा घ्या, पत्रे मिळतील. मी पुन्हा घरोघर गेलो. या वेळी हातात कागद नव्हता. मी लोकांना भरतीच्या दुपारी बांधावर नेलं आणि खुंट्या कुठं आहेत ते शोधा म्हणालो. काहींना पटलं. काहींचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता, आणि तो परत मागायचा मला हक्क नव्हता. चौदा घरं गेली. पहिल्याच पावसाळ्यात त्यातल्या नऊ घरांच्या चुली बुडाल्या. बांध आजही तेवढाच आहे. त्यांच्या सोडलेल्या जागांवर आता दोन बंगले आहेत. कुंपणाच्या भिंतींवर काचा लावल्या आहेत, वस्ती शेजारी आहे म्हणून.

चौदा गेली. सत्तावीस राहिली.

परवा कचेरीतून नवा माणूस आला होता. पुन्हा पाहणी आहे म्हणाला. तरुण होता, बोलायला गोड. वस्तीची सुरक्षितता कितपत आहे, सुधारतेय की बिघडतेय, तुमच्या काही तक्रारी आहेत का, असं विचारत होता. मी त्याला वळणावरच थांबवलं. कुणाच्या घरात गेला नाही तो, कुणाच्या चुलीपर्यंत गेला नाही. आईच्या वयाच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणालो, तक्रार एकही नाही, अर्ज एकही नाही, अंगठा एकही मिळणार नाही. दिवे किती लावलेत, नळ किती दिलेत, आमच्या मुलींची वाट अडवणाऱ्या किती जणांना धरलंत, हे आधी तुम्ही लिहून आणा. तारीख घाला, नाव घाला, खाली सही करा. मी तपासीन. मग तुमच्या वरच्या आळीची पाहणी कधी करायची ते आपण ठरवू.

तो म्हणाला, "असं कसं? नोंद तर करावी लागेल."

"करा नोंद," मी म्हणालो. "सत्तावीस घरं आहेत. पुढच्या वर्षी या, अठ्ठावीस झालेली असतील. सव्वीस होणार नाहीत."